कागदावरचे मीटर

शनिवार, १ मार्च

पोचलो एकदाचे. ताईचा नवा गुडघा, ताईची काठी, ताईच्या सात बॅगा आणि उरलेल्या जागेत मी. सामान उतरवताना ट्रकवाल्यानं कपाटाचा पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं की कपाट मुळातच अधू होतं. पण आज कशाचाही राग येत नाहीये. बावन्नाव्या वर्षी प्रकल्प प्रमुख झालोय, कंपनीनं स्वतंत्र बंगला दिलाय, आणि घर बघून ताईनं नाक मुरडलं नाही. या तिन्हींत शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड होती.

घर साधं आहे. दारातून आत आलं की बैठकीची खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मग एक सरळ पॅसेज आणि टोकाला ताईची खोली. पॅसेजला खिडकी नाही, मधोमध एक दिवा आहे. मी माझी कॉट बैठकीच्या खोलीतच टाकली. फायली आणि मी एकत्र झोपतो, याची ताईला सवय आहे.

डॉक्टरांनी ताईला महिनाभराचा चालण्याचा तक्ता दिलाय. रोज एका फेरीत किती पावलं चालली ते लिहायचं, एकतीस मार्चला पूर्ण करायचा. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे ती मनात मोजूच शकत नाही, मोठ्यानं मोजते. तिच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत चौदा पावलं. ऑपरेशननंतर तिचं पाऊल बरोबर अर्ध्या मीटरचं पडतं. म्हणजे पॅसेज सात मीटर. टेप लावून बघितला, सातच भरला. ताई म्हणाली की कौतुकाला माणसं मिळत नाहीत म्हणून मी भिंतींची मापं काढतो.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई सतराची. तिनं स्वतःचं काहीच केलं नाही, मला मोठं केलं. तिला एक चांगलं घर द्यायचं होतं, ते आज दिलं. हे तिच्यासमोर बोललो असतो तर काठी बसली असती, म्हणून इथे लिहितोय.

आता कामाचं. डोंगरात अठराशे मीटर आत खनिज आहे. तिथवर जाणारा बोगदा कागदावर तेराशे दहा मीटर झालाय. चौदा महिन्यांत या खुर्चीवरून तीन प्रमुख गेले, मुख्यालयातून तांत्रिक संचालक आणि वित्त संचालक गेले. पाचही जणांच्या निरोपाच्या पत्रकात एकच वाक्य आहे, स्वल्पविरामासकट: कुटुंबाला वेळ देण्यासाठी, स्वेच्छेने पदमुक्त. एवढ्या सगळ्यांना एकदम कुटुंबाचा पुळका कसा आला ते कळत नाही. काम अवघड झालं की हात झटकायचे, दुसरं काय. मी तसा नाही.

सोमवार, ३ मार्च

दर सोमवारी सकाळी दहाला मुख्यालयातून आठवड्याचा अहवाल निघतो. साडेनऊला माझ्या टेबलावर तो टाइप होऊन तयार होता. प्रगती आठ मीटर. शेजारी मोजणीदाराची चिठ्ठी होती, तिच्यावर सहा मीटर.

मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरीला फोन केला. आवाज इतका गोड की मी लगेच तिचं नाव मधाळबाई ठेवलं. तिनं समजावलं की इथे आधी आकडा जातो आणि मग खोदकाम त्याला गाठतं, वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. पहिल्याच दिवशी दोन मीटरवरून कुठे वाद घालायचा. सही केली. या वेळेपुरती.

बुधवार, ५ मार्च

आज बोगद्यात गेलो. मोजणीदार बावीस वर्षं इथे आहे, कानावर खडू खोचलेला असतो. शेवटच्या खडकापाशी भिंतीवर लाल रंगात नऊशे चाळीस लिहिलेलं होतं. मी विचारलं, तेराशे अठरा कुठे आहे. त्यानं माझ्या काखेतल्या फायलीकडे बोट दाखवलं.

मी इतका तापलो की हेल्मेट काढून पुन्हा घातलं. तीनशे अठ्ठ्याहत्तर मीटर नुसते हवेत. खडक कठीण, पाणी झिरपतंय, ड्रिलची तीन यंत्रं बंद पडलेली, आणि वर सगळ्यांनी बिनदिक्कत सह्या ठोकल्यात. मोजणीदार शांतपणे म्हणाला की साहेब, कागदावर खणलेलंही खणलेलंच असतं, त्याला कुठेतरी जागा लागते. मला वाटलं, बिचारा कंटाळलाय.

संध्याकाळी मधाळबाईंचा फोन. साहेब बोगद्यात असले की सही अडते, म्हणून सहीचा एक नमुना पाठवून ठेवा, आम्ही इथूनच लावू. आधीच्या सगळ्यांनी दिला होता म्हणे. डोक्याचा एक ताप तरी कमी होईल म्हणून पाठवून दिला.

ताईच्या तक्त्यात परवापासून चौदाच्या जागी अठरा लिहिलंय. तिला म्हटलं, पावलं लहान पडत असतील. तीस वर्षं मुलांना मोजायला शिकवलं, आता मला शिकव, असं ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

सोमवार, १० मार्च

अकरा मीटर मागितले. झाले पाच. तासभर भांडलो. मग मोठे साहेब स्वतः फोनवर आले. मी त्यांची शेवटची आशा आहे, तिमाही संपेपर्यंत कळ काढा, मग सगळं सरळ करू, असं म्हणाले. ज्या संचालकांनी मला इथे आणलं त्यांचाही फोन आला, ते तर मोठ्या भावासारखे बोलतात. मी विरघळलो. सही केली. स्वतःची चीड आली.

दुपारी ताईला चहा दिला तर तिनं कप परत केला. कोमट होता. उकळता घेऊन निघालो होतो. तिनं तक्ता पुढे सरकवला. तीस पावलं.

शुक्रवार, १४ मार्च

स्टीलचा टेप लावला. पॅसेज पंधरा मीटर. टेप फेकला, दुसरा आणला, पंधराच. मग बाहेरून घर मोजलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खं घर सोळा मीटर. बाहेरून सोळा आणि आतला नुसता पॅसेज पंधरा.

देखभाल विभागाकडे तक्रार केली. फॉर्ममध्ये गळती, वीज, तुंबलेलं गटार आणि इतर एवढेच पर्याय होते. इतर निवडून लिहिलं की पॅसेज वाढलाय. दोन तासांत उत्तर आलं: तक्रारीचं निवारण झालं आहे. कोणी आलं नाही, गेलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा निवारण झालं.

पॅसेजच्या मधल्या दिव्याचा उजेड आता दोन्ही दारांपर्यंत पोचत नाही. घाबरलोय का? हो, थोडासा. त्याहून जास्त वैताग आलाय. आठवडाभरात एक आकडा जागेवर राहिला असेल तर शपथ.

रविवार, १६ मार्च

ताईनंच ते शोधलं. माझे अहवाल आणि तिचा तक्ता टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या सोमवारी मी दोन मीटर खोटे लिहिले, तिची चार पावलं वाढली. दुसऱ्या सोमवारी सहा मीटर खोटे, बारा पावलं वाढली. अर्ध्या मीटरचं एक पाऊल. तिनं खाली बाकी काढून दाखवली, शाळेत दाखवायची तशी, रेघ मारून.

मी म्हटलं, योगायोग असेल. तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली की तिसरीत असताना तू प्रगतिपुस्तकात साताच्या आधी एक लिहून सतरा केले होतेस. मला आठवतं. तिनं मला मारलं नव्हतं. बाईंकडे जाऊन स्वतःच्या तोंडानं सांग, एवढंच म्हणाली होती, आणि शाळेच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभी राहिली होती. आजही तेच म्हणाली. उद्या खरं लिही धाकट्या, मी इथेच आहे.

बावन्न वर्षांच्या माणसाला रडू आलं. असो.

सोमवार, १७ मार्च

खरा आकडा लिहिला. चार मीटर. साडेनऊला स्वतः पाठवला. फार हलकं वाटलं.

दहाला अहवाल निघाला. बारा मीटर. खाली माझी सही.

मधाळबाई म्हणाल्या की साहेब, तुम्ही सकाळी गडबडीत दिसलात, म्हणून आम्हीच दुरुस्त करून तुमची सही लावली. आभार मानायची गरज नाही म्हणाल्या. आभार! मी फोनवर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तुमचा दिवस चांगला जावो म्हणाल्या.

ताई: सेहेचाळीस.

गुरुवार, २० मार्च

मला इथे आणणारे संचालक गेले. पत्रक आलं. कुटुंबाला वेळ देण्यासाठी, स्वेच्छेने पदमुक्त.

त्यांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. दमलेल्या वाटल्या. म्हणाल्या, हे घरातच आहेत, कुठे गेले नाहीत. मग फोन द्या म्हटलं. त्या म्हणाल्या की मंगळवारी सकाळी बेडरूममधून नाश्त्याला निघाले, अजून टेबलापर्यंत पोचायचेत. आवाज येतो मधूनमधून. ताट झाकून ठेवलंय.

मी फोन ठेवला. वहिनी मात्र तिकडे बोलतच होत्या बहुतेक.

सोमवार, २४ मार्च

सही मागे घेतोय असं लेखी कळवलं होतं. उत्तर: विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे, पंधरा कामाचे दिवस लागतील. तोवर सही वापरात राहील.

झाले तीन मीटर. कागदावर बारा. ताई चौसष्ट.

मोजणीदाराकडे गेलो तर त्याची बदली झालेली. जागा रिकामीच ठेवणार आहेत. मोजायला आता कोणी लागत नाही म्हणे. त्याच्या टेबलावर खडूचा डबा होता, तो उचलून आणला.

मंगळवार, २५ मार्च

ताईला बैठकीच्या खोलीत आणलं. बत्तीस मीटरचा पॅसेज तिनं माझा हात धरून पार केला, मध्ये दोनदा थांबलो. मधल्या भागात फरशी संपते. खाली खडक आहे, ओला. ताईनं वाकून हात लावून बघितला आणि म्हणाली की तुमच्या कंपनीनं शेवटी कुठेतरी काहीतरी खणलं म्हणायचं.

हसलो दोघं. मग हसू थांबेना माझं. तिनं पाठीवर हात फिरवला.

शनिवार, २९ मार्च

निघायचं ठरवलं. नोकरी गेली खड्ड्यात. पण निघायचं कसं?

कंपनीच्या गाडीला मुख्यालयाची परवानगी. बाहेरच्या गाडीला फाटकावर पास. पासाचं ऑफिस शनिवार-रविवार बंद. फाटक तीन किलोमीटरवर, ताईचा गुडघा हा असा. सुरक्षारक्षकाच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. तो नियमाची वही दाखवत राहिला.

शेवटी सोमवारी सकाळी साडेनऊची गाडी मिळाली. दहाच्या आत बाहेर. पुरे.

सगळं आवरलंय. ताईची एक बॅग मात्र आतल्या खोलीत राहिली, तक्ता त्यातच आहे. तिला सांगितलं, राहू दे. ती बरं म्हणाली. तिचं बरं मला माहीत आहे.

सोमवार, ३१ मार्च. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं

पावणेनऊला मधाळबाईंचा फोन आला. आज नऊला तिमाहीचा विशेष अहवाल निघतोय: बोगदा खनिजापर्यंत पोचला. अठराशे मीटर. सही माझी. कागदावर परवापर्यंत तेराशे त्रेपन्न होते. म्हणजे एका फटक्यात चारशे सत्तेचाळीस मीटर. मी ओरडत होतो, थांबवा, अर्धा तास थांबवा, आम्हाला निघू दे. त्या म्हणत होत्या, अभिनंदन साहेब.

मी फोनवर भांडत होतो. पाठ पॅसेजकडे होती.

नऊला फोन बंद केला. वळलो. ताईची खुर्ची रिकामी. काठी नाही.

बॅग आणायला गेली.

नऊ वीस

हाका मारल्या. उत्तर नाही. पॅसेजच्या तोंडाशी गार वारा येतोय.

बाहेरून पळत मागे गेलो. सोळा मीटर, दहा सेकंदही लागले नाहीत. तिच्या खोलीच्या खिडकीतून बघितलं. ऊन पडलंय आत. पलंग नीट आवरलेला. बॅग नाही. दार उघडं, दारापलीकडे काळोख. म्हणजे बॅग घेऊन परत निघाली. मध्येच आहे ती. खिडकीला गज आहेत, हलले नाहीत. त्या उघड्या दाराकडे गजांतून हाका मारल्या.

फोनवर संदेश आलाय. माझं पत्रक. कुटुंबाला वेळ देण्यासाठी, स्वेच्छेने पदमुक्त. खाली सही माझी. साडेनऊची गाडीही रद्द.

म्हणजे त्या पाचांनीही राजीनामे दिले नव्हते. मी त्यांना पळपुटे म्हणत होतो.

नऊ चाळीस

टॉर्चचे सेल सापडत नव्हते. या घरात वेळेवर एक वस्तू मिळेल तर ना. मिळाले. खडू घेतला. ही वही घेतली, कितवं पाऊल ते विसरायला नको.

जातोय. पॅसेज सगळा मिळून चारशे एकोणऐंशी मीटर. म्हणजे एवढंच. मोजता येतं ते घाबरण्यासारखं नाही, ताईच सांगायची.

दहाला आठवड्याचा अहवाल निघेल, नेहमीप्रमाणे. आज किती लिहिलंय माहीत नाही.

नऊ सत्तेचाळीस

माझी नव्वद पावलं. फरशी संपली. घोट्यापर्यंत पाणी. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला अजून घराचा पांढरा रंग —

कोणीतरी मोजतंय. ताई नाही. पुरुषाचा आवाज, भिंतीपलीकडे, फार लांब. सत्तावीस हजार चारशे. सत्तावीस हजार चारशे एक. ओळखीचा आवाज. आमचे संचालक. हाक मारली. मोजणं थांबलं नाही —

थांबायला वेळ नाही.

नऊ त्रेपन्न

ताई! ताईचा आवाज. पाचशे ब्याण्णव. पाचशे त्र्याण्णव. न थांबता, शाळेत मोजायची तसाच सूर.

हाक मारली. ओ दिली. म्हणाली किती वेळ लावलास, चहा गार झाला असेल. तिथेच थांब म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, दोघं चाललो तर अर्ध्या वेळात भेटू, हे तुला पाचवीतच शिकवलंय.

पळतोय. अक्षर —

नऊ सत्तावन्न

काठी दिसली. टॉर्चच्या टोकाशी. तीस पावलं असेल. दुखतंय तिला, पाय ओढतेय. बॅग टाक म्हटलं, टाकत नाही. तक्ता आहे म्हणते. आज शेवटचा दिवस —

मी म्हटलं चुकलो ताई. म्हणाली माहितेय. चल.

नऊ एकोणसाठ

दहा पावलं. सात. चेहरा दिसतोय. घामानं भिजलीय, हसतेय. काठी दुसऱ्या हातात घेतली, हात पुढे केला. चार. तीन. वही टाकून दोन्ही हातांनी —

दहा वाजून

हात अजून पुढेच आहे माझा. बोटं ओली आहेत. तिची लागली होती. लागली होती नक्की.

टॉर्च जाते तिथवर कोणी नाही.

किती लिहिलं असेल त्यांनी —

आवाज येतोय. इतका लहान की श्वास धरून ऐकावं लागतंय. रडत नाहीये ती. मोजतेय. पुन्हा पहिल्यापासून.

मीही मोजतो. अर्ध्या वेळात भेटू. एक. दोन. ती —